चाकाखालचे लिंबू

दसऱ्याला घरच्या वाहनाची पूजा करण्याचा आमचा रिवाज वडिलांच्या सायकलपासूनचा आहे. हँडलला झेंडूचा हार, मडगार्डवर हळदकुंकू, पुढे नारळ आणि सगळ्यांत शेवटी चाकाखाली लिंबू. वाहन हातभर पुढे ढकलायचे. लिंबू फुटले की वर्षभराची चिंता मिटली. सायकल गेली, स्कूटर आली, तीही गेली. लिंबू मात्र चालू राहिले. हे लिंबू ठेवण्यासाठी मी वर्षानुवर्षे, नाक जवळजवळ टायरला टेकेपर्यंत, चाकापाशी वाकत आलो आहे. पण त्या टायरकडे म्हणून मी कधी पाहिले नव्हते.

संपादकांनी दिवाळीनिमित्त या सदराला नेहमीपेक्षा ऐसपैस जागा दिली आहे आणि "काहीतरी खुसखुशीत येऊ द्या" अशी सूचनाही केली आहे. खुसखुशीतपणाची जबाबदारी घरोघरच्या चकल्यांवर सोपवून मी या वेळी टायर हा विषय घेणार आहे. वाचकांनी घाईने पान उलटू नये. ज्या घरात दुचाकी नाही असे घर पुण्यात शोधून सापडणे कठीण. आणि त्या दुचाकीवरून संध्याकाळी कोणी घरी यायचे आहे म्हणून जिथे घड्याळाकडे पाहिले जात नाही, असे घर तर मुळीच सापडायचे नाही.

ज्या वर्षी आमची वाघोली ग्रामपंचायतीतून पुणे महापालिकेत गेली, त्याच वर्षी, म्हणजे २०२१ साली, माझा भाचा जर्मनीला गेला. जाताना त्याने आपली मोटारसायकल आमच्या इमारतीखाली आणून उभी केली, तिला खोळ घातली आणि किल्ली माझ्या हाती ठेवून म्हणाला, "मामा, हिच्यावर लक्ष ठेवा." बजाजची पल्सर आरएस २००, २०१८ साली घेतलेली. पल्सर हे नाव पुणेकरांना सांगायला नको. ज्या बापांनी चेतक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्यांच्या मुलांना आकुर्डीच्या या कंपनीने २००१ सालापासून पल्सरवर बसवले. आरएस हा त्याच घराण्यातला २०१५ साली जन्मलेला शर्यती अवतार. अंगावर प्लॅस्टिकचे चिलखत, पुढे डोळे वटारलेले दोन दिवे आणि मागची बैठक अशी उंच की तिच्यावर बसलेला माणूस सतत कोणाच्या तरी खांद्यावरून डोकावत असल्यासारखा दिसतो.

मी लक्ष ठेवले, म्हणजे आठवड्यातून एकदा खोळ जागेवर आहे ना एवढे पाहिले. तीन वर्षे गेली. गेल्या वर्षी, २०२४ मध्ये, आमच्या चिरंजीवांना खराडीला नोकरी लागली आणि ती किल्ली माझ्या टेबलाच्या खणातून बाहेर निघाली. बॅटरी नवी आली, तेल बदलले, ब्रेकची डागडुजी झाली. गाडी तपासणाऱ्या मिस्त्रीने मागच्या टायरवरून हात फिरवला आणि निकाल दिला, "गोटा झालाय. बदला."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बापलेक नगर रस्त्यावरच्या एका टायरच्या दुकानात गेलो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, दोन्ही बदलू या." दुकानदारही म्हणाला, "सर, जोडीच घ्या. पुढचा पण जुना आहे."

आता विकणाऱ्याने दोन घ्या म्हटले की एकच घ्यायचे, हे मध्यमवर्गीय घरात बाळकडूबरोबर पाजले जाते. मी पुढच्या चाकापाशी बसलो, टायरच्या खाचेत बोट घातले आणि एखाद्या तज्ज्ञाच्या आवाजात म्हणालो, "याला काय झालंय? नक्षी आहे की चांगली!"

नक्षी होती, हे खरेच. गाडी उणीपुरी अकरा हजार किलोमीटर धावलेली. मागच्या टायरवर इंजिनाची ओढ येते, तो लवकर झिजतो. पुढचा त्या मानाने शाबूत दिसत होता. मग मागच्या टायरसाठी मी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, "सर्वांत जास्त टिकणारा कुठला?" त्याने एक दाखवला, मी घेतला. चिरंजीव काही बोलले नाहीत. घरी येताना मी त्यांना काटकसरीवर चार शब्द सांगितले. दुसऱ्या दिवशी पूजा झाली. लिंबू ठेवले आणि ते छान फुटले.

या वर्षी, २०२५ साली, पाऊस मे महिन्यातच येऊन थडकला. त्यांपैकी एका सकाळी मला उत्तरपत्रिका तपासायला शहरात जायचे होते आणि बस चुकली होती. चिरंजीव म्हणाले, "चला, सोडतो." मी ती उंच बैठक कशीबशी गाठली. रात्रभर शिंतोडे पडून गेले होते, सकाळी भुरभुर चालू होती.

आमच्या भागातला रस्ता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाघोलीच्या आसपास, भावडीकडे, दगडाच्या खाणी आहेत. खडी फोडणारी यंत्रे आहेत. पुण्यातल्या किती इमारतींची हाडे आमच्याकडून गेली असतील, देव जाणे. ती हाडे डंपरमधून जातात आणि जाताना रस्त्यावर थोडीथोडी सांडत जातात. खडीबरोबर तिची बारीक कच असते, पिठासारखी भुकटी असते. उन्हाळाभर ही भुकटी आणि वाहनांतून गळलेले तेल रस्त्यावर साचते. जोरदार पाऊस आला तर सगळे धुऊन जाते. पण पहिला, अर्धवट पाऊस धूत नाही, नुसता कालवतो. पिठात मोहन घातल्यावर जे होते ते रस्त्याचे होते.

केसनंद फाट्यावर आम्ही डावीकडे नगर रस्त्याला लागत होतो. वेग सायकलपेक्षा थोडा जास्त, इतकाच. गाडी वळणात किंचित कलली, चिरंजीवांनी ब्रेकला बोट लावले आणि पुढचे चाक आमच्या खालून निघून गेले. 'घसरले' हा शब्द मी मुद्दामच वापरत नाही. घसरण्याला काही वेळ लागतो. हे चाक होते आणि नव्हते. मी रस्त्यावर बसलो होतो, गाडी आडवी होऊन फिरत होती, आणि मागून पाण्याचा टँकर येत होता.

तो थांबला. माझ्या पायांपासून दोन हातांवर. टँकरचे पुढचे चाक मी अशा जागेवरून पाहिले, जिथून माणसाने ते पाहू नये.

टँकरवाला खाली उतरला. शिव्या देईल असे वाटले. त्याने आधी चिरंजीवांना उठवले, मग मला, मग दोघांनी मिळून गाडी उभी केली. मी बापाच्या सवयीने तोंड उघडले, "अरे, पण तुला इतकं—" तोच तो माणूस पुढच्या चाकापाशी बसला, अंगठ्याचे नख टायरमध्ये रोवून त्याने पाहिले आणि मान हलवली.

"सर, पोराला बोलू नका. ह्याचं रबर मेलंय."

"पण नक्षी—" मी म्हणालो.

"नक्षी काय चाटायची?"

माझ्या डाव्या मनगटाला चीर गेली होती. तीन आठवडे प्लास्टर. चिरंजीवांचा गुडघा सोलला. एवढ्यावर भागले. "मी दसऱ्यालाच म्हटलं होतं," हे वाक्य चिरंजीव तेव्हा बोलले नाहीत, दवाखान्यात बोलले नाहीत आणि अजूनही बोललेले नाहीत. बोलले असते तर मला बरे वाटले असते.

प्लास्टरमधला हात घेऊन मी त्या रात्री विजेरीसह पार्किंगमध्ये गेलो. मराठीचा मास्तर असल्यामुळे जिथे अक्षर दिसेल तिथे ते वाचायची मला खोड आहे. ट्रकच्या मागचा मजकूरही मी सोडत नाही. पण टायरच्या कडेवर, काळ्यावर काळ्या अक्षरांत, एवढा मोठा शिलालेख असतो हे मला ठाऊक नव्हते. चिरंजीव लंगडत खाली आले आणि शेजारी बसले. आम्ही दोघांनी तो वाचायला घेतला.

पहिली ओळ अशी: १००/८०-१७. शंभर ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ऐंशी म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा ऐंशी इतकी टायरच्या कडेची उंची. सतरा हा आतल्या रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, शेकडेवारी आणि इंच सुखाने नांदत होते. मागच्या चाकाची ओळ होती १३०/७०-१७. त्यापुढे पुढच्या टायरवर ५२ आणि मागच्यावर ६२ असे आकडे होते. हे किलो नव्हेत, वजनाच्या ठरलेल्या कोष्टकातले क्रमांक आहेत. ५२ म्हणजे टायरने २०० किलोपर्यंतचा भार पेलावा, ६२ म्हणजे २६५ किलोपर्यंतचा. आकड्यानंतर 'पी' हे अक्षर: ताशी १५० किलोमीटर वेगापर्यंत चालेल. तेच अक्षर 'एस' असते तर १८०, 'एच' असते तर २१०. मग एक बाण. चाक कोणत्या दिशेने फिरायला हवे ते सांगणारा. मग खाचांच्या तळाशी छोटेसे उंचवटे. नक्षी झिजत झिजत या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर संपला असे समजायचे. दुचाकीच्या टायरात त्यांची उंची सुमारे ०.८ मिलिमीटर असते. आमच्या पुढच्या टायरची नक्षी त्यांच्या खूप वर होती. इथवर मी निर्दोष सुटत होतो.

शेवटी एका लंबगोलात चार आकडे सापडले: ०९१८.

"हा काय, कारखान्याचा नंबर?" मी विचारले.

"जन्मतारीख," चिरंजीव म्हणाले. "पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २०१८ सालचा नववा आठवडा."

एवढ्यात आमच्या सौभाग्यवती, ही दोघे अंधारात काय करताहेत हे पाहायला खाली आल्या. त्यांना आम्ही शोध सांगितला. त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अहो, मागच्या दिवाळीत आठवडाभर तारीख उलटलेलं बेसन मी वाण्याला परत करायला लावलं. तेव्हा तुम्ही माझं कौतुक केलंत. आणि पोराला सात वर्षांच्या रबरावर बसवलंत."

यावर उत्तर नव्हते. आजही नाही.

रबर मरते म्हणजे काय होते, हे मग मी समजून घेतले. नैसर्गिक रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत ठिसूळ. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाने १८३९ साली त्यात गंधक मिसळून ते तापवले, तेव्हा कुठे ते ताणले तरी परत येणारे, टिकाऊ असे रबर झाले. काजळीच्या भुकटीने त्याला बळ आले आणि काळा रंगही. पण हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन आणि उष्णता त्याला हळूहळू कडक करीतच असतात. म्हणून टायरच्या रबरात संरक्षक द्रव्ये आणि मेण घातलेले असते. गंमत अशी की टायर चालता राहिला, दबत-फुगत राहिला, म्हणजे हे मेण आतून पृष्ठभागाशी येत राहते. उभ्या गाडीच्या टायरात ते नीट येत नाही. तेव्हा ज्या तीन वर्षांत मी खोळीवर लक्ष ठेवून 'गाडी वापरली नाही, म्हणजे जपली' असे समाधान मानत होतो, त्या तीन वर्षांत तो टायर उभ्या उभ्या म्हातारा होत होता. न पटणाऱ्यांनी टेबलाच्या खणात तळाशी पडलेले जुने रबरबँड ताणून पाहावेत. ते कोणी वापरलेले नसतात, आणि तुटतात तेच.

टायर बनवणाऱ्या अनेक कंपन्या सांगतात की पाच वर्षे झाली की दर वर्षी टायर जाणत्याकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षांनंतर तो कितीही चांगला दिसला तरी काढून टाका. हे वाचून काही वाचक म्हणतील, आमच्या टायरला तर सातच वर्षे झाली होती. खरे आहे. पण ती पाचनंतरची तपासणी करणारा जाणता मीच होतो, आणि मी बोटाने खाच मोजली होती.

माझ्या मनात आणखी एक शंका होती. त्या गाडीला पुढच्या चाकाला एबीएस आहे. म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ नये अशी यंत्रणा. मग ती कुठे गेली होती? चिरंजीवांनी मला समजावले ते असे: एबीएस हे पकड वाटून देणारे आहे, पकड निर्माण करणारे नाही. डब्यात लाडूच नसेल तर वाढणारा कितीही चोख असून काय उपयोग? आणि कललेल्या गाडीला तर वळण्यासाठीच सगळी पकड लागते. मोटारसायकलचा एकेक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकतो. दोन तळहात. सुमारे १६५ किलोंची गाडी, दोन माणसे आणि त्यांची घरी वाट पाहणारी मंडळी, सगळ्यांचा भार त्या दोन तळहातांवर.

प्लास्टर निघायच्या आधीच आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने माझा हात पाहिला, गाडीचा ओरखडा पाहिला, आणि काही न विचारता बसायला स्टूल दिले. त्याच्याविषयी माझे मत मी तिथेच बदलले.

मात्र घाबरलेला माणूस कंजूष माणसाइतकाच वाईट गिऱ्हाईक असतो. मी म्हणालो, "सर्वांत महाग कुठला?" चिरंजीवांचे मन दुसरीकडे होते. मागच्या चाकाला १३०च्या जागी १४० किंवा १५० रुंदीचा टायर बसवावा, मागून गाडी भरदार दिसते, मित्रांनी बसवलाय, असे त्यांनी जरा चाचरत सांगितले. दुकानदाराने आम्हा दोघांनाही शांतपणे नकार दिला. त्या तासाभरात जे शिकलो ते वाचकांच्या उपयोगाचे आहे, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट रुंदीची. रिम तेवढीच राहते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा उंच होतो आणि ज्या आकारासाठी तो घडवलेला असतो तो आकारच बिघडतो. रुंदी वाढली तरी पकड वाढेलच असे नाही. गाडी वळायला मात्र जड होते. शिवाय १३०/७०च्या जागी १४०/७० बसवला तर चाकाचा व्यासही हिशेबाने १४ मिलिमीटरने वाढतो. साखळीपाशी, मडगार्डपाशी जागा पुरते का ते पाहावे लागते. चिरंजीवांनी हे गणित स्वतः मोबाइलवर करून पाहिले आणि १४०चा नाद सोडला. त्या क्षणी मला त्यांचा अभिमान वाटला.

दुसरी गोष्ट रबराच्या जातीची. कडक रबराचा टायर हजारो किलोमीटर जास्त चालतो, पण रस्त्याला कमी धरतो. मऊ रबराचा घट्ट धरतो, पण लवकर झिजतो. शर्यतीच्या मैदानासाठी असलेले टायर तर तापल्याशिवाय नीट धरतच नाहीत, आणि वाघोली ते खराडी या वाहतुकीत गाडी सोडून बाकी सगळे तापते. रोजच्या रस्त्याला मधला टायर हवा. ओल्या रस्त्यावर धरावा म्हणून ज्याच्या रबरात सिलिका घातलेली आहे, असे टायर आता मिळतात. नक्षीचे काम पाणी बाजूला सारण्याचे. कोरड्या डांबरावर खोल नक्षीने पकड वाढत नाही. आणि चिखलासाठी असलेले ठोकळ्यांचे टायर डांबरावर डुगडुगतात.

तिसरी गोष्ट विणीची. टायरच्या पोटात धाग्यांचे थर असतात. साध्या टायरात ते तिरके, एकमेकांना छेदून जातात. रेडियल टायरात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ साली रेडियलचे पेटंट घेतले, आज मोटारींना बहुतेक तेच असतात. लहान मोटारसायकलींना दोन्ही प्रकार मिळतात. पण एक चाक असे आणि एक चाक तसे, हे आपल्या मनाने करू नये. गाडीच्या कंपनीनेच तशी जोडी ठरवून दिली असेल तर गोष्ट वेगळी. शक्यतो दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच घडणीचे, जोडीने घ्यावेत.

चौथी गोष्ट तारखेची. दुकानदाराने काढलेल्या पहिल्या टायरवरचा लंबगोल मी स्वतः शोधून वाचला. दीड वर्षापूर्वीचा होता. त्याने न कुरकुरता आतून दुसरा आणला, अडीच महिन्यांचा. वाण्याकडे बेसन निवडताना आमच्या घरात जो चेहरा केला जातो, तो त्या वेळी माझा झाला असावा.

म्हणजे मागचा, दसऱ्याला मी घेतलेला 'सर्वांत टिकणारा' टायरही बदलायचा? तो तर अजून नवाच होता. दुकानदार म्हणाला, "राहू द्या सर, मागचा चालेल; पुढचा तेवढा घ्या." एक टायर विकण्याची संधी त्याने स्वतःहून सोडली. मी चिरंजीवांकडे पाहिले. ते म्हणाले, "बाबा, मागचा कोरड्यात ठीक आहे. ओल्यात ब्रेक दाबला की हलतो." ही गोष्टही ते आठ महिने बोलले नव्हते. कारण बोलले असते तर मी चार शब्द सांगितले असते.

जोडी घेतली. मापे मूळचीच: १००/८० आणि १३०/७०. कंपनीचे नाव सांगत नाही. हे सदर आहे, जाहिरात नव्हे. एवढे सांगतो की आपल्याकडे पर्याय पुष्कळ आहेत. १९४६ साली मद्रासजवळ खेळण्यांतले फुगे बनवून सुरुवात केलेली एमआरएफ आहे. इटलीतल्या तुरीन शहरात जन्मून १९५८ साली मुंबईत आलेली सीएट आहे. मदुराईचे टीव्हीएस आहेत आणि परदेशी आहेतच. पैसे बरेच गेले. त्यातून सप्टेंबरच्या २२ तारखेला टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. साडेतीन महिने थांबलो असतो तर वाचले असते. हा हिशेब मी एकदाच केला आणि कोणाला सांगितला नाही. आज तुम्हाला सांगतो आहे.

टायर बसवताना चिरंजीवांनी बाणाची दिशा पाहिली, व्हॉल्व्ह नवे टाकायला लावले आणि हवा पुस्तिकेत दिलेल्या मापाने भरून घेतली. "नायट्रोजन भरू का?" असे मुलाने विचारले. साध्या हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि तो फुकट असतो. तेवढी काटकसर मला अजून मान्य आहे. हवा मात्र दर आठवड्याला, गाडी थंड असताना तपासायची, असा नियम झाला. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवायची, हेही ठरले.

निघताना दुकानातला मुलगा जुने टायर ढिगावर टाकत होता. दुकानदार म्हणाला, "मागच्याचे चांगले पैसे देतो सर, जवळजवळ नवा आहे. पुढच्याचे पण भंगारात काहीतरी येतील."

"पुढच्याचं काय करता?"

"नक्षी आहे ना त्याला. कोणीतरी नेतं. स्कूटरवाले, गॅरेजवाले..."

नक्षी आहे ना! माझेच वाक्य दुकानात परत आले होते. उद्या माझ्यासारखा कोणी बाप इथे येईल, खाचेत बोट घालील आणि स्वस्तात मिळाला म्हणून खूश होऊन तो टायर आपल्या पोराच्या गाडीला बसवील. मी म्हणालो, "त्याचे पैसे नकोत. माझ्यादेखत कापा."

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले. मग सुरी आणून टायरची कड दोन ठिकाणी चिरली. सात वर्षांचे रबर कापताना करकर वाजले. आयुष्यात पहिल्यांदा मी भंगाराचे पैसे सोडले.

परत येताना मी पुन्हा त्या उंच बैठकीवर होतो. केसनंद फाटा आला तेव्हा डोळे मिटले, हे कबूल करतो. गाडी सावकाश कलली, रस्त्याला धरून वळली आणि सरळ झाली. 'टिकणे' आणि 'धरणे' ही दोन साधी क्रियापदे. वर्गात क्रियापदे शिकवण्यात माझा जन्म गेला, पण टायर घेताना मी चुकीचे क्रियापद घेऊन दुकानात गेलो होतो. टायर टिकला आणि माणूस गेला, असे गणित कोणत्या काटकसरीत बसते?

टायरचा इतिहास वाचताना मला एक गृहस्थ भेटले. जॉन बॉइड डनलॉप, आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरातले जनावरांचे डॉक्टर. त्यांचा लहान मुलगा भरीव चाकांच्या तीनचाकी सायकलवरून दगडी रस्त्याने खडखडत जात असे. १८८८ साली बापाने रबराची नळी करून तिच्यात हवा भरली आणि ती मुलाच्या सायकलच्या चाकांवर बसवली. त्याच्याही आधी, १८४५ साली, रॉबर्ट थॉमसन यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले होते, त्यामुळे डनलॉपचे पेटंट पुढे रद्द झाले. पण टायर जगभर पसरला तो डनलॉपपासून. जगातले पुढचे सगळे टायर, विमानांचे आणि त्या टँकरचेही, एका बापाच्या या खटपटीतून वाढलेले आहेत. मुलाचे बूड दुखू नये एवढीच त्याची इच्छा होती. त्याने नक्षी आहे का ते पाहिले नाही. मुलगा कसा बसला आहे ते पाहिले.

यंदाच्या दसऱ्याला पुन्हा पूजा झाली. सौभाग्यवतींनी झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिले. लिंबू हातात घेऊन मी पुढच्या चाकापाशी वाकलो, आणि ठेवण्याआधी अंगठ्याचे नख टायरमध्ये दाबून पाहिले. बारीक चंद्रकोर उमटली आणि हळूहळू मिटली. वर पाहिले तर चिरंजीव मागच्या चाकापाशी वाकून तेच करीत होते. आम्ही काही बोललो नाही.

मग लिंबू ठेवले. ते ठेवू नये असे मी कुठे म्हणतो? रिवाज मोडायचे नसतात. एवढे वाकलोच आहोत, तर टायरवरचे चार आकडेही वाचून घ्यावेत, इतकेच.